बॉबिन सारखी बदलावी लागू नये, यासाठी कोणतं मशीन घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की दीड मीटर बाय दोन मीटरच्या एका क्विल्टवर, म्हणजे दोन कापडांमध्ये भरण घातलेल्या गोधडीवर, थर एकत्र धरणारं दाट नागमोडी क्विल्टिंग करताना नऊ-दहा वेळा बॉबिन बदलावी लागते. दोन-तीनदा तर खालचा दोरा संपल्याचं कळतच नाही, वीतभर नुसती भोकं पडल्यावर लक्षात येतं. बॉबिनची भानगडच नाही असं एखादं मशीन मिळतं का, आणि नसेल तर मोठ्या बॉबिनचं मशीन घेण्यात अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलंय.

गेली बावीस वर्षं मी क्विल्ट शिवते. सुरुवात साध्या घरगुती मशीनवर केली, आता बरंचसं काम लाँगआर्मवर, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या क्विल्टवरून फिरवायच्या लांब हाताच्या मशीनवर, करते आणि माझी मशीनं मीच उघडून साफ करते. त्यामुळे आधी उत्तर देते, मग कारणं. क्विल्टला आपण जो टाका घालतो, त्या टाक्याचं बॉबिनशिवाय चालणारं मशीन नाही. बॉबिनशिवाय चालणारी मशीनं आहेत, पण त्यांचा टाका वेगळा आहे आणि क्विल्ट हाताने फिरवून घातलेल्या नक्षीला तो चालत नाही. मात्र तुमच्या नऊ बॉबिन चारवर आणता येतील, आणि दोरा संपल्याचं न कळणं तर जवळजवळ बंदच करता येईल. माझ्या मते तुमचं खरं दुखणं हे दुसरंच आहे. बॉबिन बदलायला दीड मिनिट लागतं. नऊ बॉबिनची मिळून पंधरा मिनिटंसुद्धा होत नाहीत. वेळ जातो तो रिकामी गेलेली ओळ शोधण्यात, वरचा दोरा काढण्यात आणि त्याच भोकांवरून पुन्हा तशीच नक्षी जुळवण्यात.

बॉबिन का टळत नाही हे एकदा डोळ्यांनी पाहून घ्या. मशीन बंद करा, कापड धरून ठेवणारा दाब आणि सुईखालची पट्टी काढा आणि सुईत दोरा ओवून हाताने चाक हळूहळू आपल्याकडे फिरवा. सुई खाली जाते, तळाला पोचते आणि जेमतेम दोन मिलिमीटर वर येते, तेवढ्यात नेढ्यामागे दोऱ्याचा एक छोटासा फुगा तयार होतो. बॉबिनभोवतीच्या टोकदार हुकचं टोक नेमकं त्या फुग्यात शिरतं, त्याला ओढून मोठं करतं आणि बॉबिन ज्या डबीत बसते त्या अख्ख्या बॉबिन केसच्या पुढून-मागून फिरवून पलीकडे काढतं. मग टेक-अप लिव्हर, म्हणजे वरचा दोरा ओढणारा वर-खाली होणारा दांडा, वर जातो आणि तो सगळा फास परत वर खेचून घेतो. बॉबिनचा दोरा त्या फासात अडकतो आणि टाका घट्ट बसतो. हेच लॉकस्टिच.

आता बॉबिन केसकडे नीट बघा. ती कुठेही पक्की जोडलेली नाही. वरचा दोरा तिच्या चारी बाजूंनी सरकायला हवा, म्हणून ती हुकच्या पोटात नुसती अडकवून ठेवलेली असते. खालच्या दोऱ्याचा जेवढा साठा, तेवढा सगळाच्या सगळा प्रत्येक टाक्याला वरच्या फासातून पार व्हावा लागतो. म्हणूनच खाली मोठं रीळ लावता येत नाही. रीळ मशीनखाली जमिनीवर ठेवून दोरा वर आणला, तर प्रत्येक टाक्याचा फास त्या रिळाखालून, म्हणजे जमिनीखालून न्यावा लागेल. एलियास होवेला १८४६ साली पेटंट मिळालं त्या मशीनमध्ये नावेच्या आकाराचं शटल या फासातून आरपार जायचं. ॲलन विल्सनने १८५२ साली फिरत्या हुकचं पेटंट घेतलं, त्यात बॉबिन जागेवर राहिली आणि फासच तिच्याभोवती फिरू लागला. आज तुमच्या मशीनमध्ये हुक फिरतो किंवा मागेपुढे झुलतो, पण तत्त्व तेच आहे. आत संगणक बसवला तरी या भूमितीत फरक पडत नाही.

याच अडचणीवर त्या काळीही लोकांनी दुसरी वाट काढली होती. १८५१ साली ग्रोव्हर आणि बेकर यांनी दोन दोऱ्यांच्या साखळी टाक्याचं मशीन आणलं. त्यात खालचा दोराही सरळ रिळावरून यायचा. खाली गोल वाकवलेली दुसरी सुई होती, ती वरच्या दोऱ्याच्या फासात आपला फास गुंतवायची आणि तो फास पुढच्या टाक्याला अडकायचा. साठ्याला फासातून जायची गरजच नव्हती, त्यामुळे बॉबिन भरणं हा प्रकारच नव्हता. १८५७ साली जेम्स गिब्सने एकाच दोऱ्याच्या साखळी टाक्याचं पेटंट घेतलं आणि विलकॉक्स अँड गिब्सची ती सुबक, जवळजवळ आवाज न करणारी मशीनं अनेक दशकं विकली गेली. म्हणजे तुम्हाला जे हवंय ते पावणेदोनशे वर्षांपूर्वीच तयार झालं होतं. तरीही घरात टिकलं ते लॉकस्टिचच.

का, ते धान्याच्या पोत्याच्या तोंडावर दिसतं. शिलाईच्या योग्य टोकाचा योग्य दोरा सापडला की एका झटक्यात सर्र करून सगळी शिवण उसवते. पोत्याला तेच हवं असतं. अंथरुणावरच्या क्विल्टला ते परवडत नाही. एक टाका तुटला, टोक कुठेतरी अडकून ओढलं गेलं, की एकेरी साखळी सुटतच जाते. दुहेरी साखळी बरीच घट्ट असते, पण शेवटच्या टोकाकडून खालचा दोरा ओढला तर तीही उलगडते. शिवाय दोरा फार लागतो. दोऱ्याच्या धंद्यात अंदाजासाठी जे आकडे धरतात त्यानुसार एक मीटर शिवणीला लॉकस्टिचचा वरचा-खालचा मिळून अडीच मीटर दोरा जातो, एकेरी साखळीला चार आणि दुहेरी साखळीला साडेपाच मीटर. हा जास्तीचा दोरा खालच्या बाजूला दोरीसारखा उंचवटा करून बसतो. क्विल्टची पाठ हाताला लागते, तिथे तो जाणवतो.

कारखान्यात मात्र हाच टाका क्विल्टिंगला सर्रास वापरतात. गाद्यांचं वरचं कापड ज्या मोठ्या अनेक सुयांच्या मशीनवर क्विल्ट होतं, त्यातली बरीचशी मशीनं साखळी टाक्याची असतात. शेकडो मीटर कापड न थांबता पुढे सरकायला हवं आणि एकेका सुईची बॉबिन बदलत बसणं शक्य नसतं. तिथे शिवणीची पाठ गादीच्या आत जाते, कडा बंद होतात, त्यामुळे टाक्याचे दोष झाकले जातात. लॉकस्टिचच हवं असलेल्या कारखान्यांसाठी बॉबिन आपोआप बदलणारी यंत्रणाही असते. ठरावीक टाके झाले की यांत्रिक हात रिकामी बॉबिन केस काढून भरलेली बसवतो. पण ती यंत्रणा एकच काम दिवसभर करणाऱ्या मशीनसाठी आहे, घरगुती मशीनला ती जोडता येत नाही.

तुम्ही म्हणाल, कापडाच्या कडा शिवणाऱ्या पाच दोऱ्यांच्या ओव्हरलॉकवर दुहेरी साखळीचा टाका असतो, रिळं वरती उभी असतात, मग ते घेऊ का? क्विल्टिंगसाठी नको. साखळीचा फास पकडण्यासाठी कापड एकाच दिशेने सरकायला हवं. तुम्ही क्विल्ट मागे, आडवी, गोल फिरवलीत की खालून फास पकडणाऱ्या लूपरला फास सापडत नाही आणि टाके गळतात. हाताने दिशा देऊन साखळी टाका घालणारं कॉर्नेली मशीन आहे, पण त्यात टेबलाखालच्या मुठीने हुकची दिशाच फिरवतात. ते भरतकामाचं मशीन आहे, त्याची साखळी वरच्या बाजूला दिसते आणि त्याचा हात बसायला वेगळा रियाज लागतो. ओव्हरलॉकची साखळी तुकडे जोडायला वापरता येते, लांब सरळ पट्ट्यांना उत्तम. फक्त पट्ट्या जोडून पुन्हा आडव्या कापायच्या असतील तर वापरू नका. कापलेल्या प्रत्येक जागी साखळीचं तोंड उघडं पडतं आणि हाताळताना दोन-तीन टाके सुटतात. लॉकस्टिच कापलं तरी बसल्या जागी राहतं.

आणखी एका मशीनबद्दल सावध करते, कारण क्विल्ट शिवणाऱ्यांना त्याचा मोह पडतो. बेबी लॉकचं साशिको मशीन हाताने घातल्यासारखा धावदोरा घालतं. त्याला वरचा दोराच नसतो, सगळा टाका बॉबिनच्या दोऱ्याचा. टाका फार सुंदर दिसतो, मलाही आवडतो. पण बॉबिन बदलायचा कंटाळा असलेल्या माणसाने ते मुख्य मशीन म्हणून घेऊ नये.

मग राहिली लॉकस्टिचची मशीनं आणि त्यांच्या बॉबिनचे आकार. घरगुती मशीनमध्ये सर्वांत जास्त दिसते ती १५ क्लासची, व्यास सुमारे २० मिलिमीटर आणि उंची पावणेबारा. एल आकाराची बॉबिन व्यासाने तेवढीच, पण उंचीला नऊच्या आसपास. लाँगआर्म आणि टेबलावर बसून चालवायच्या मोठ्या क्विल्टिंग मशीनमध्ये बहुधा एम असते, व्यास पंचवीस-सव्वीस आणि उंची पावणेअकरा. आकडे जवळजवळचे वाटतात, पण दोरा घनफळात मावतो आणि व्यास वाढला की घनफळ त्याच्या वर्गाने वाढतं. एमवर एलच्या जवळपास दुप्पट आणि १५ क्लासच्या साधारण दीडपट दोरा बसतो. काही घरगुती मशीनंही मुद्दाम मोठ्या बॉबिनची निघतात, बर्निनाची जंबो बॉबिन त्यातली. एका आकाराची बॉबिन दुसऱ्या आकाराच्या केसमध्ये मात्र कधी घालून बघू नका. थोड्याशा फरकानेही ती आत डुगडुगते, ताण टाक्यागणिक बदलतो आणि हुकला ओरखडे पडतात ते वेगळेच.

मग आणखी मोठी बॉबिन का करत नाहीत? साठा मोठा झाला की त्याच्याभोवती फिरणारा फासही मोठा लागतो. टाक्यात जाण्याआधी दोऱ्याचा तोच भाग नेढ्यातून कितीतरी वेळा वर-खाली घासला जातो. मोठ्या हुकमध्ये ही ये-जा आणखी लांब होते, सुती दोरा पिंजतो आणि तुटतो. फिरणारं वजन वाढलं की वेग कमी ठेवावा लागतो, थरथर वाढते. चामडं आणि सोफ्याची कापडं शिवणाऱ्या मशीनमध्ये दुप्पट क्षमतेचे हुक असतात, पण ती मशीनं जाड दोऱ्याची आणि संथ चालीची असतात.

आता तुमच्या क्विल्टचा हिशोब करू. नागमोडी नक्षीची एकूण लांबी काढायची सोपी युक्ती आहे, क्षेत्रफळाला दोन ओळींमधल्या अंतराने भागायचं. तुमचं क्षेत्रफळ ३ चौरस मीटर. ओळी १ सेंटिमीटर अंतराने असतील तर ३०० मीटर शिवण होते, ६ मिलिमीटरने असतील तर ५०० मीटर. दर मीटरला खालचा दोरा सव्वा मीटर जातो, पण भरणाची जाडी आणि वळणं धरून मी १.३ धरते. म्हणजे तुमच्या दाट कामाला ६५० मीटर खालचा दोरा हवा. मी १५ क्लासच्या बॉबिनवर ५० नंबरचा सुती दोरा भरून वजन केलं तर साधारण १.६ ग्रॅम दोरा बसतो, म्हणजे ८० मीटर. ६५० भागिले ८०, तुमच्या नऊ बॉबिन झाल्या. मशीनमध्ये दोष नाही, कामच तेवढं आहे.

ग्रॅमचे मीटर कसे केले ते सांगते, कारण हीच गोष्ट मला सर्वांत उपयोगी पडली आहे. दोऱ्याच्या रिळावर ४०, ५०, ६० असा जो वजनाचा नंबर असतो, त्याचा मूळ अर्थ एक किलो दोऱ्यात तेवढे किलोमीटर. म्हणजेच एक ग्रॅममध्ये तेवढे मीटर. ५० नंबरचा एक ग्रॅम दोरा ५० मीटर, ८० नंबरचा ८० मीटर. रिळावर टेक्स लिहिलं असेल तर १००० ला त्या आकड्याने भागा, म्हणजे २० टेक्सचा दोरा ५० नंबरचा झाला. सुती दोऱ्यांवर कधी ५०/३ असं वेगळ्या पद्धतीचं मापही असतं, ते या हिशोबात बसत नाही. शंका असेल तर नवं रीळ आधी तोला, संपल्यावर रिकामं रीळ तोला, लेबलवरच्या मीटरला त्या फरकाने भागा, खरा आकडा मिळतो.

माझ्या मशीनशेजारी शंभरांश ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा कायम असतो. प्रत्येक बॉबिन रिकामी असताना तोलून तिच्या कडेवर बारीक मार्करने वजन लिहून ठेवलंय. अर्धवट बॉबिन हातात आली की काट्यावर ठेवते. समजा रिकामी ०.९० ग्रॅम होती आणि आता १.३५ दाखवतेय, तर ०.४५ ग्रॅम दोरा उरला. ५० नंबरचा असेल तर साडेबावीस मीटर, शिवणीचे साधारण सतरा मीटर. पुढचा चौकोन बारा मीटरचा असेल तर घालायची, वीसचा असेल तर बाजूला ठेवायची. अशा बाजूला ठेवलेल्या बॉबिन तुकडे जोडायच्या कामाला संपतात, तिथे दोरा मध्येच संपला तरी नुकसान नसतं.

या हिशोबातून दुसरी गोष्ट निघते. बॉबिन न बदलता नुसता खालचा दोरा बारीक केला तरी मोठा फरक पडतो. त्याच १.६ ग्रॅममध्ये ८० नंबरचा दोरा १२८ मीटर बसतो, नवाच्या सहा बॉबिन होतात, मशीन तेच. एम आकाराच्या बॉबिनवर मला सुमारे २.६ ग्रॅम भरता येतो. ५० नंबरचा घातला तर १३० मीटर, म्हणजे पाच बॉबिन. ८० नंबरचा घातला तर २०८ मीटर, म्हणजे चार. बघा, बारीक दोऱ्याने तीन वाचल्या आणि नव्या मशीनने चार. म्हणून मशीन बदलण्याआधी दोरा बदलून बघा, असं मी प्रत्येकाला सांगते.

बारीक दोरा टिकेल का, अशी भीती वाटते. क्विल्टिंगच्या दाट ओळींवर ताण विभागला जातो, तिथे खाली ६० किंवा ८० नंबरचा चांगला पॉलिएस्टर दोरा माझ्या कामात वर्षानुवर्षं टिकला आहे. विरळ क्विल्टिंगला, ओळी वीतभर अंतरावर असतील तर, मी खाली ५० च्या पुढे जात नाही. तुकडे जोडताना तर नाहीच. दोरा बदलला की ताण मात्र पुन्हा लावावा लागतो. बारीक दोरा केसच्या पट्टीखालून सैल सरकतो, मग वरचा दोरा त्याला वर ओढतो आणि क्विल्टच्या तोंडावर खालच्या दोऱ्याचे ठिपके दिसतात. केसच्या स्क्रूची मूळ जागा मार्करने खूण करून ठेवा आणि घड्याळाच्या काट्याने पाच मिनिटं पुढे जावं तेवढाच एका वेळी फिरवा. सुट्या केसची परीक्षा सोपी आहे. दोरा धरून केस लोंबकळू द्या, मनगटाला हलका हिसका द्या. ती दोन-तीन सेंटिमीटर घसरून थांबली तर बरोबर. सरळ खाली आली तर सैल, हललीच नाही तर आवळ.

कारखान्यात भरलेल्या तयार बॉबिनही वापरून बघा. त्या एकसारख्या ताणाने, गच्च भरलेल्या असतात. घरी भरताना आपण पायडल दाबून धरतो, पॉलिएस्टरचा दोरा वेगात ताणला जातो आणि नंतर बॉबिनवर आखडतो. मी मध्यम वेगाने भरते आणि काठोकाठ भरत नाही, कडेपासून एक मिलिमीटर सोडते. जास्त भरलेली बॉबिन केसला घासते आणि सुरुवातीचे काही मीटर ताण बिघडवते. तयार बॉबिनमध्ये कडा नसलेला प्रकार असतो, कडांची जागा वाचते म्हणून दोरा जास्त बसतो. काहींच्या मध्यभागी चुंबक असतं, ते लोखंडी केसला धरून राहतं, म्हणून मशीन थांबल्यावर बॉबिन पुढे गरागरा फिरत नाही. हा प्रकार माझ्या लाँगआर्मवर फार चांगला चालतो. घरगुती मशीनमध्ये घालण्याआधी माहितीपुस्तक वाचा, कडा नसलेली बॉबिन सगळ्या केसमध्ये चालत नाही.

आता दोरा संपल्याचं कळण्याबद्दल. एका क्विल्टच्या मधल्या मोठ्या नक्षीत पिसांची नक्षी घालताना माझी पाऊण मीटर ओळ रिकामी गेली होती. लाँगआर्मवर क्विल्टची पाठ दिसत नाही आणि वरून सगळं ठीक दिसत होतं. ती ओळ पुन्हा जुळवायला अख्खी संध्याकाळ गेली. त्यानंतर मी दोन सवयी लावून घेतल्या. पहिली कानाची. खालचा दोरा संपला की मशीनचा आवाज हलका होतो, टाका आवळला जातानाचा बारीक टक् असा ठोका जातो. हे ऐकायला शिकायचं असेल तर मुद्दाम एकदा चिंधीवर बॉबिन संपू द्या आणि कान देऊन बसा. दुसरी सवय नखाची. थोड्या थोड्या वेळाने ओळीवरून नख ओढायचं. टाके बसलेले असतील तर नख टाक्यांवर अडखळतं. खाली दोरा नसेल तर वरचा दोरा नखाबरोबर सरळ उचलून येतो.

नवं मशीन घ्यायचंच असेल तर बॉबिन संपत आल्याचं सांगणारी सोय जरूर बघा. ती दोन प्रकारची असते. एका प्रकारात छोटा प्रकाशझोत बॉबिनवर पडतो आणि दोरा कमी झाला की मशीन सूचना देतं. भरणाचा भुसा आत साचला की हा डोळा चुकतो, कधी उगाच ओरडतो, कधी गप्प राहतो. म्हणून दर बॉबिनला बारीक ब्रशने भुसा काढायचा. फुंकर मारायची नाही, भुसा आणखी आत जातो आणि श्वासातली ओल लोखंडावर बसते. दुसरा प्रकार मोजणीचा, लाँगआर्मवर आणि संगणकीय मशीनवर दिसतो. भरलेल्या बॉबिनवर किती शिवण होते हे आपण एकदा ठरवून द्यायचं, मग मशीन टाके मोजून किती उरलं ते दाखवतं. आपण दिलेला आकडा बरोबर असेल तेवढंच ते बरोबर सांगतं, पण वजनाचा हिशोब हाताशी असला की हा आकडा अचूक देता येतो. मला मोजणीचा प्रकार जास्त भरवशाचा वाटतो.

बॉबिन कुठून बदलायची, हेही बघायला हवं, आणि मशीन घेताना हेच बहुतेकांच्या लक्षात येत नाही. वरून टाकायच्या बॉबिनचं झाकण सुईसमोर असतं. क्विल्ट मशीनवर पसरलेली असताना ते झाकण तिच्याखाली दबतं. दाब उचला, सुई वर घ्या, दोरा कापा, क्विल्टची गुंडाळी सरकवा, मग बॉबिन, मग पुन्हा सगळं जागेवर. समोरून किंवा डावीकडच्या बाजूने उघडणाऱ्या मशीनमध्ये केस खालून काढता येते, क्विल्ट जागची हलत नाही. पण तुमचं मशीन मोठ्या टेबलात बसवलेलं असेल तर तो दरवाजा उघडायला हात पोचतो का, ते आधी तपासा. वरून टाकायच्या बॉबिनचाही एक मोठा फायदा आहे, झाकण पारदर्शक असेल तर उरलेला दोरा दिसतो. लहान कामाला मी तीच पसंत करते. मोठ्या क्विल्टला मात्र बाजूने उघडणारी.

बॉबिन भरण्याचा वेळ वाचवणाऱ्या सोयीही आहेत. सिंगरने १९६० च्या दशकात टच अँड सो नावाची मशीनं काढली, त्यात बॉबिन बाहेर न काढता, सुईतल्या दोऱ्यानेच जागेवर भरता यायची. आजच्या काही मशीनमध्ये बॉबिन भरायला वेगळी मोटर असते, त्यामुळे शिवता शिवता दुसरी भरत राहते. नसेल तर बॉबिन भरायचं सुटं छोटं यंत्र मिळतं. मी क्विल्ट लावण्याआधी हिशोबाने लागतील तेवढ्या आणि वर एक, अशा सगळ्या बॉबिन भरून तोलून ओळीने मांडते. मध्येच भरायला उठले की हाताची लय तुटते आणि ते नक्षीत दिसतं.

तुमच्यासाठी माझा सल्ला असा. पुढची क्विल्ट सध्याच्याच मशीनवर, खाली ८० नंबरचा पॉलिएस्टर दोरा आणि शेजारी वजनकाटा ठेवून करा. बॉबिन सहाच लागतील. दोरा आपल्या सोयीच्या जागी, चौकोनाच्या कडेला किंवा दोन ओळी मिळतात तिथे संपवा. खालचा दोरा वर ओढून घ्या, जुन्या टाक्यांवर सेंटिमीटरभर चढवून नवी ओळ सुरू करा आणि सुटी टोकं सुईने भरणात लपवा. तेवढ्यानेही त्रास वाटला आणि वर्षाला पाच-सहा मोठ्या क्विल्ट होत असतील, तर एम आकाराच्या बॉबिनचं, टेबलावर बसून चालवायचं क्विल्टिंग मशीन घ्या. त्याचा लांब हात आणि मोकळी जागा हा बॉबिनपेक्षाही मोठा लाभ आहे, क्विल्टची गुंडाळी त्यात कोंबावी लागत नाही. बघायला जाल तेव्हा स्वतःची भरण घातलेली, निदान मीटरभर रुंद क्विल्ट गुंडाळून बरोबर न्या, ती मशीनखाली पसरा आणि ती न उचलता बॉबिन बदलून दाखवा म्हणा.